जोतीरामचा गुडघा

चन्नप्पा सोलापुरात गिरणीच्या साचेखात्यात मागावर कामाला होता. गिरणीच्या कबड्डी संघात तो उजव्या कोपऱ्यावर खेळायचा. चौऱ्याहत्तर साली बार्शीच्या संघाशी त्यांचा अंतिम सामना ठरला. बार्शीचा जोतीराम चढाईला लई तिखट. मैदानात उतरण्याआधी कप्तान रुद्रप्पानं चन्नप्पाला बाजूला घेतलं.

"त्याचा उजवा गुडघा गेल्या साली मुरगळलाय. तितंच धर."

दोन्ही संघांनी मातीला हात लावून तो कपाळी टेकवला, एकमेकांशी हात मिळवले. जोतीरामनं तर चन्नप्पाला हसून मिठीच मारली.

शेवटच्या मिनिटाला जोतीराम मांडी थोपटत आत शिरला. चन्नप्पानं झेप घालून दोन्ही हातांनी त्याचा उजवा गुडघा आवळला. वर आणखी तिघं पडले. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तरी जोतीरामचा दम तुटला नव्हता. "कबड्डी कबड्डी" म्हणत तो मध्यरेषेकडं हात ताणतच राहिला. चन्नप्पानं आवाज ऐकला होता, पण मिठी सोडली नाही. दम तुटला, पंचाची शिट्टी वाजली, आणि लोकांनी टोप्या उडवल्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात साहेबानं चन्नप्पाला हार घातला. त्याच्या खात्याचा मुकादम, जॉबर, सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. दिवाळीत चन्नप्पानं याच जॉबरची कॉलर धरली होती. दोन गुंड्या तुटल्या म्हणून चन्नप्पाला आठ दिवस घरी बसवलं होतं. आता पाय मोडला तर हार. चन्नप्पाला काही उमजेना.

"जिंकून आलाय न् त्वांड असं का?" बायकोनं, नागव्वानं विचारलं.

तो न जेवताच मोसंबी घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. जोतीरामचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. चन्नप्पाला बघून तो खुलला.

"ये की गड्या! काय पकड होती!"

"तुजा गुडघा कच्चा हाय, हे मला आदीच ठावं होतं," चन्नप्पा म्हणाला. "म्हणूनच धरला."

"व्हय की. मी असतो तर मीबी तितंच धरला असता."

चन्नप्पा मनाशी शिव्या खायची तयारी करून आला होता. त्यानं मोसंबी खाटेवर ठेवली. तो निघाला तशी जोतीरामची बायको विजयमाला मागोमाग व्हरांड्यात आली. तिला पाचवा महिना होता.

"भाऊ, खरं सांगा. तुमच्या मनात राग होता?"

"न्हाय वो. आईची आण."

"राग असता तर मला समजलं असतं," ती म्हणाली. "राग न्हाय, तर मग कसं करवलं?"

त्यानं तोंड उघडलं, पण नियमांशिवाय काही आठवेना. नियम तिला काय सांगायचे? तो तसाच जिना उतरला.

पाय सांधला, पण वाकडा. जोतीरामचा खेळ संपला. चन्नप्पा खेळत राहिला. पावसाळ्यात एक कार्ड आलं. मुलगा झालाय, बारशाला जोडीनं या.

नवरा-बायको एसटीनं बार्शीला गेले. जोतीराम लंगडत दारात आला आणि चन्नप्पाचा खांदा धरून त्याला सगळ्या पाहुण्यांपुढं घेऊन गेला.

"ह्योच तो! ह्यानंच मोडला माजा पाय!"

म्हाताऱ्यांनी कौतुकानं चन्नप्पाचे दंड चाचपून बघितले. त्याला मानाच्या पाटावर बसवलं. विजयमालानं नागव्वाची खणानं ओटी भरली, चन्नप्पाच्या पानात दोनदा शिरा वाढला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. मग जोतीरामनं बाळ आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. चन्नप्पाचे हात अवघडले. बाळाला किती घट्ट धरायचं, तेच त्याला कळेना.

परतीच्या गाडीत नागव्वानं ओटीतला खण उलगडून बघितला. मग म्हणाली, "चांगली माणसं हायेत. पर त्यांनी तुमाला कशापायी बलावलं वो?"

"मलाबी तेच कळंना झालंय," चन्नप्पा म्हणाला.