पट्टेदार उत्तर

आमचा धोटा पक्ष किती लहान आहे, तर मागच्या निवडणुकीच्या निकालात रेडिओवाल्यानं आम्हाला 'इतर' या एका शब्दात उरकलं. राष्ट्राध्यक्षपदाला स्वतःचा उमेदवार उभा करायची आमची ऐपत नाही. तरीही दर चार वर्षांनी मोठ्या पक्षांची माणसं आपल्या चकचकीत गाड्या वाळूत रुतवत आमच्या विणकरांच्या मांडवात येऊन बसतात, आणि आम्ही ज्याला पाठिंबा देतो त्याला आगबोझुमेच्या बाजारापासून खाडीपर्यंतच्या सगळ्या वाड्यांची मतं जातात. याचं कारण आमचं कापड, आणि त्या कापडाची रीत मी घालून दिली. पक्षाची सचिव मीच आहे, मावुसी. गावात दावी म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. माझ्याहून थोरलेसुद्धा म्हणतात, आता काय करणार.

रीत साधी आहे. आमच्या जाहीरनाम्यात आठ मागण्या आहेत. कापड तीन पट्ट्यांचं असतं. मधली पट्टी पक्षाची: चार बोटं रुंद, तिच्यात वरून खाली आठ घरं आणि प्रत्येक घरात मागणीची खूण. सुतावरचा कर काढा, तर सुताची गुंडी. खाडी साफ करा, तर मासा. सातवी बाजाराच्या रस्त्याची आणि आठवी सगळ्यात मोठी: आम्ही हातानं विणतो त्या केटे कापडाची कारखान्यात छापलेली खोटी नक्कल सरहद्दीवरच अडवा. मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन उमेदवारांच्या पट्ट्या. त्यांत खुणा नाहीत, नुसता रंग. मागणीला हो म्हणाला तर घर हिरवं, नाही म्हणाला तर काळं. आणि 'विचार करू', 'समिती नेमू', 'योग्य वेळी बघू' असलं काही बोलला तर हिरवं-पांढरं पट्टेदार. लोकांनी चारचौघांत किंवा रेडिओवर ऐकलेलंच उत्तर धरायचं, गाडीच्या काचेतून कुजबुजलेलं नाही. ज्याला वाचता येत नाही तोही मांडवात उभा राहून कोण किती पाण्यात आहे ते सांगतो.

आणखी एक नियम आहे. उमेदवाराची पट्टी त्याच्या समर्थकानंच विणायची, म्हणजे नंतर कुणी रडायला नको. तिन्ही पट्ट्या सभेच्या सकाळी टेलर अमेनू जोडतो आणि कापड सगळ्यांसमोर एकदाच उघडतं. सोळा वर्षांत या कापडात खोटं आलेलं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते.

या खेपेला डॉक्टर ब्रेफो आणि मॅडम लामिसी असे दोघे होते. मॅडमची पट्टी मी विणली. डॉक्टरांची विणली तोगांनी.

तोगा डोत्से म्हणजे माझे थोरले काका, पक्षाचे अध्यक्ष आणि माझे गुरू. बाईनं मागावर बसायचं नाही असं आमच्याकडे सगळे म्हणायचे, तेव्हा त्यांनी मला दहाव्या वर्षी स्वतःच्या मागावर बसवलं आणि नाकं मुरडणाऱ्यांना सांगितलं, "पोरीच्या हातात ताल आहे. तुमच्या हातात काय आहे ते दाखवा, मग बोलू." माझं सगळं त्यांच्यामुळे आहे. फणी ठोकण्याची त्यांची दोन ठोक्यांची पद्धत, एक जड आणि एक हलका, माझ्या हातात जशीच्या तशी उतरली आहे. म्हणून आम्ही घर कधी काठीनं मोजत नाही. धोट्याच्या साठ फेऱ्या म्हणजे एक घर. त्यांचे साठ आणि माझे साठ मापाला सारखेच यायचे.

रविवारी प्रार्थना आटोपून लोक मांडवात जमले. डॉक्टरांनी पाठवलेले प्रतिनिधी मिस्टर अन्साह पुढच्या बाकावर इस्त्रीची घडी सांभाळत बसले होते. मी मक्याच्या पिठाचे अकप्ले उंडे आणि भेंडीचं सार यांच्या पातेल्यांपाशी अडकले होते, कारण दीडशे माणसं उपाशीपोटी राजकारण करत नाहीत. अमेनूनं कापड बांबूवर चढवलं आणि खाली सोडलं.

आठव्या मागणीसमोर मॅडमचं घर पट्टेदार होतं, ते मला ठाऊकच होतं. पण डॉक्टरांचं हिरवंगार होतं.

"हे कधी म्हणाले?" सेनानू उठून म्हणाला. हा सेनानू माझ्या शेजारच्या मागावर विणतो आणि सगळ्या सभांत पहिला उठतो. "स्वस्त कापड गरिबाच्या फायद्याचं, असं रेडिओवर ऐकलं होतं मी."

मिस्टर अन्साहांनी कापडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि छाती पुढे काढली. "डॉक्टरसाहेबांनी फेरविचार केला आहे. विणकर बांधवांच्या भावना त्यांच्या कानावर गेल्या आहेत."

"कोणत्या कानावर?" मी पळी खाली ठेवून विचारलं. "परवा सकाळपर्यंत तर दोन्ही बंद होते."

लोक हसले. मला मात्र राग चढत होता. रेडिओ मीही ऐकला होता. मी तडक कापडापाशी गेले आणि वरून बघत आले. पहिली तीन घरं तिन्ही पट्ट्यांत बरोबर समोरासमोर होती. चौथ्यापासून डॉक्टरांची पट्टी खाली सरकायला लागली होती. थोडी, मग आणखी थोडी. सातव्या घराची वेळ आली तोवर ते आठव्यासमोर जाऊन बसलं होतं. म्हणजे आम्ही बघत होतो ते हिरवं रस्त्याचं होतं, आणि रस्ता तर सगळेच देतात.

"अमेनू, पट्टी लांब झाली होती का?"

"झाली होती, दावी. शेपूट खाली लोंबत होतं. मी कापून सारखं केलं, नेहमी करतो तसं."

"रंग कोणता होता शेपटाचा?"

"काळा. पट्टीच्या शेवटी काळी किनार असतेच की." त्यानं खिशातून तुकडा काढून दिला. किनार दोन बोटांची असते. हा तुकडा वीतभर होता. डॉक्टरांचं आठवं घर टेलरच्या खिशात होतं.

मी तुकडा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. विणकरांच्या सभेत जास्त समजवावं लागत नाही. पुढच्या क्षणी सगळ्यांच्या नजरा तोगांकडे वळल्या.

"मुद्दाम सैल विणली," सेनानू म्हणाला. "काळं घर कात्रीखाली जावं म्हणून. तोगा, तुम्ही? अहो, तुम्ही?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मग याआधीची कापडं तरी खरी कशावरून?"

ते वाक्य माझ्या काळजात घुसलं. मी तोंड उघडणार होते. माझी खात्री होती की तोगा उठतील, दोन शब्दांत सगळ्यांना गप्प करतील.

ते उठले, पण म्हणाले, "हो. मी केलं. डॉक्टर यावेत असं मला वाटत होतं. अध्यक्षपद आत्ता सोडतो. माझ्या एका पट्टीसाठी मागच्या कापडांना नावं ठेवू नका, त्यांत मावुसीचंही विणकाम आहे."

मांडवात गलका झाला. मी तिथंच उभी होते आणि माझा हात अजून त्यांच्या पट्टीवर होता. बोटांना कळलं ते डोक्याला कळायला थोडा वेळ लागला. मुद्दाम सैल विणणारा माणूस पहिल्या घरापासून बेतानं सैल विणतो. ही पट्टी तशी नव्हती. हिच्यात घट्ट होतं, मग सैल, मग पुन्हा चार बोटं घट्ट, मग त्याहून सैल. सकाळी हात ताजा असतो तेव्हा घट्ट, आणि दुपारी हात दमला की सैल. जड ठोका हलका झाला होता आणि हलका ठोका काही ठिकाणी पडलाच नव्हता. पंचेचाळीस वर्षं ज्या हातानं सरदारांची कापडं विणली, त्या हाताला आता फणी झेपत नव्हती.

हे मला एकटीला कळलं होतं, आणि त्यांनाही कळलं की मला कळलं आहे. माझ्याकडे बघून त्यांनी मान किंचित हलवली. नको, म्हणाले डोळ्यांनी.

"दावी," सेनानू म्हणाला, "तू कधी भीडभाड ठेवत नाहीस. सांग, कापड काय म्हणतं? तोगांनी लबाडी केली का?"

खरं सांगितलं असतं तर तोगा लबाड ठरले नसते. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कुणी एक टॉवेलसुद्धा विणायला दिला नसता. मोठ्या सरदारांचं कापड त्यांच्या मागावर अर्धं झालं होतं. दीडशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. सोळा वर्षं मी उमेदवारांना हाच प्रश्न विचारत आले आहे: हो की नाही, एक काय ते सांगा.

मी म्हणाले, "कापड उमेदवारांबद्दल बोलतं, विणणाऱ्याबद्दल नाही. ज्याचं त्यानं सांगितलं आहे. आता हात धुवून घ्या आणि इकडे लक्ष द्या, कापड दुरुस्त करायचं आहे."

अमेनूला तिथंच बसवलं. शिवण उसवली, डॉक्टरांची पट्टी कापून एकेक घर सुटं केलं आणि प्रत्येक घर आपापल्या मागणीसमोर टाचलं. शेवटी खिशातलं काळं घर आठव्या मागणीसमोर आलं, तेव्हा मिस्टर अन्साहांनी फोन कानाला लावला आणि गाडीकडे जाऊ लागले.

"मिस्टर अन्साह," मी हाक मारली, "फोनवरच आहात तर डॉक्टरसाहेबांनाच विचारा. फेरविचार झाला असेल तर रेडिओवर येऊन सांगू देत. मी हिरवं घर विणून तयार ठेवते. साठ फेऱ्यांचं तर काम आहे."

ते थांबले नाहीत. लोक इतके हसले की सार उतू गेलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मतदान झालं ते उभं राहून, मांडवाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला. मॅडम लामिसींना पाठिंबा मिळाला, पण एका अटीवर: प्रचार संपायच्या आत आठव्या घराचे पट्टे जाऊन तिथं हिरवं आलं पाहिजे, नाहीतर पाठिंबा मागे. ठराव मी लिहिला आणि मोठ्यानं वाचला. मॅडमच्या माणसाचा चेहरा पडला. अशा वेळी मला फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. अध्यक्षपदासाठी माझं नाव आलं. मी घेतलं.

ऊन उतरल्यावर तोगांच्या पडवीत गेले. माग मांडलेलाच होता. ताणा अंगणभर पसरला होता आणि त्याच्या टोकाला बांधलेला दगड वाळूत तसाच बसला होता. सरदारांचं कापड, अर्धं झालेलं. तोगा मागावर नव्हते. बाजूच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसले होते.

"आलात का, मॅडम अध्यक्ष?"

"किती दिवस झाले, तोगा?"

"मागच्या पावसापासून. उजवा. दुपारी तर काही खरं नसतं."

"आणि त्यापेक्षा लबाड म्हणवून घेतलंत? सगळ्या गावासमोर?"

"लबाडाला लोक चार दिवस नावं ठेवतात आणि पाचव्या दिवशी त्याच्याकडेच कापड टाकतात. हाताला कापरं सुटलेल्याकडे कोण टाकतं? तूच सांग. तू टाकशील?"

मला रडू आलं. मी लपवलं नाही, त्यांच्यासमोर काय लपवायचं.

"रडू नकोस. मांडवात छान निसटलीस. ज्याचं त्यानं सांगितलं आहे, म्हणे." ते हसले. "ना हो, ना नाही. पोरी, आज तू पट्टेदार उत्तर दिलंस."

"दिलं," मी म्हणाले. हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही काही आमच्या बाजाराला येणार नाही, म्हणून सांगते.

मी पदर खोचला आणि त्यांच्या मागावर, त्यांच्या बुटक्या पाटावर बसले. धोटा टाकला आणि फणी ओढली. जड, हलका. जड, हलका.

"जरा जास्त जड होतंय," थोड्या वेळानं ते म्हणाले. "माझा हात इतका जड नव्हता."

"होता. माझ्या पाठीला विचारा."

ते हसले. मी सरदारांच्या कापडाचं पुढचं घर घेतलं आणि मनात फेऱ्या मोजू लागले. बाकावर तोगांचे ओठ हलत होते. साठावी फेरी पडली तेव्हा मी धोटा थांबवला, आणि त्याच वेळी त्यांनी मांडीखालचा हात काढून कापडावर ठेवला.