बर्फ न टिकणारी जागा

मिशिगनच्या पार उत्तरेला, तांब्याची खाण कधीच बंद पडलेल्या टेकडीवर श्रीरंग एकटाच चालत होता. इथे स्कीइंगचं रिसॉर्ट उभं राहील का, हे सांगायला कंपनीने त्याला दक्षिणेकडच्या नोव्हाय शहरातून पाठवलं होतं. काम सोपं होतं. बर्फ कुठे टिकत नाही ते बघायचं. जुन्या बोगद्यांमधली ऊबदार हवा वर येते आणि तिथला बर्फ वितळतो. म्हणजे खाली पोकळ आहे. लांबूनच काठीने चाचपायचं, लाल झेंडी रोवायची आणि वळसा घालून पुढे जायचं. वर पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. ऑफिसातल्या नव्या पोरांना तो हे दटावून सांगायचा.

ऐन दिवाळीत त्याची बायको शोभना गेली. तिथल्या मराठी मंडळातल्या काकूंनी डबे आणले, "कामाला लागलास, बरं केलंस" म्हणाल्या. त्याने डबे खाल्ले, घासून परत केले. रडू काही आलं नाही. घरात हीटिंग कितीही वाढवलं तरी हातपाय गारच.

लहान मुलांच्या उतारासाठी ठरवलेल्या जागेवर त्याला चटईएवढं हिरवं गवत दिसलं. भर जानेवारीत, चक्क गवत! त्याने कडेला झेंडी रोवली. मग, आपण काय करतोय हे नीट कळत असूनही, तो त्या गवतावर जाऊन उभा राहिला. ऊब पँटमधून गुडघ्यांपर्यंत चढली.

खालून रिसॉर्ट काढू पाहणारा क्रेग ओरडला, "श्री, ती जागा सेफ आहे ना?"

"अजिबात नाही," श्रीरंगने ओरडून सांगितलं, आणि तिथून हलला नाही.