दोन सारख्या आयती

नमाजच्या मुसल्ल्यावर, कपाळ टेकतं नेमक्या त्या जागी, मसुरीचा एक केशरी दाणा पडला होता — आणि हात बांधून उभ्या असलेल्या जुलेखाच्या मनात दाण्यावरून डाळ, डाळीवरून कुकर, कुकरवरून त्याची सैल झालेली रिंग... ओठ अल्हम्दची प्रार्थना म्हणत होते आणि बाई केव्हाच घाटकोपरच्या बाजारात पोहोचली होती! रोजचंच हे. तोंड पश्चिमेला, मन दाही दिशांना.

अम्मी गेल्यापासून वेळ चुकली नव्हती, नमाजच्या आधी हातपाय धुण्याचा वजू चुकला नव्हता; पण एकही नमाज मनापासून झाली नव्हती. अल्लाहसमोर उभं राहायचं आणि आपणच तिथं नसायचं — हे असंच मरेपर्यंत राहिलं तर? याची तिला भीती वाटे, खरीखुरी.

मघाशी शेजारची सुगंधा आली, तेव्हा जुलेखा तिच्याजवळ हे बोलून गेली होती.

"अगं, रोज तेच तेच म्हणतेस ना, तोंडपाठ!" सुगंधा म्हणाली. "माझं पण आरतीत तसंच. टाळ्या चालू नि डोक्यात बांगडे. जरा अवघड काहीतरी म्हण की."

"अवघड म्हणजे अम्मीची सूरह."

"मग म्हण ना! कुकर मी बघते. जा तू."

कुराणातली ती लांब सूरह अम्मीनं तांदूळ निवडता निवडता शिकवलेली. तिच्यात दोन आयती, म्हणजे ओळी, एकसारख्या सुरू होतात, आणि पहिलीवर आलेली जीभ हमखास दुसरीच्या वाटेला लागते — मधलं सगळं गाळून थेट शेवटाकडे. की अम्मीची गुडघ्यावर टिचकी: "परत म्हण. घाई कसली गं? कुठे जायचंय?" ...अम्मी गेली, टिचकी गेली, आणि जुलेखा चार ओळींच्या सूरहवर भागवू लागली.

अल्हम्द संपलं. पुढची सूरह ज्याची त्यानं निवडायची. ओठ सवयीनं त्या चार ओळींच्या सूरहकडे वळले — नाही. आज नाही. तिनं अम्मीची धरली. शेताच्या निसरड्या बांधावर पाऊल टाकावं तसा एकेक शब्द, आधीचा नीट टेकल्याशिवाय पुढचा नाही. कुकरची शिट्टी झाली. तिला ऐकू आली, पण ती गेली नाही. मग ते वळण आलं... गुडघा टिचकीची वाट बघत होता. घाई कसली गं? नाही अम्मी, मला कुठेच जायचं नाहीये. आणि शब्द आला तो बरोबर आला, त्यामागून पुढचा, आणि मग अम्मीही नव्हती, गुडघा नव्हता, जुलेखा नव्हती — ती ज्याच्यासमोर उभी होती, तो होता. फक्त तो.

जमलं! — मनात कुणीतरी ओरडलं, आणि झालं, सुगंधाला सांगायला मन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पळालंसुद्धा. जुलेखाला हसू आवरेना. पळ लेका, पळ. तुला परत आणायची वाट आता सापडलीय मला.

ती सजद्यात गेली. दाणा कपाळाला टोचला. अजून नमाजच्या बऱ्याच फेऱ्या, बऱ्याच रकाती उरल्या होत्या, मन पुन्हा पळणारच होतं, ते वळणही पुन्हा येणार होतं... येऊ दे. घाई कुणाला होती?