नईम टेलर फॉरेनला गेला तेव्हा

राजुऱ्याच्या बसस्टँडमागं नईम टेलरचं दुकान होतं. दुकानात शिलाई मशीन दोन आणि बाहेर बाक एक, पण खरा धंदा बाकावर चालायचा. संध्याकाळ झाली की गावातली निम्मी माणसं तिथं बसून उरलेल्या निम्म्यांबद्दल बोलत. सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात मात्र बाकावर एकट्या जिशानचं राज्य होतं. तो सौदीहून परतला होता. येताना टेपरेकॉर्डर, गुबगुबीत ब्लँकेट आणि अत्तराच्या बाटल्या घेऊन आला होता, पण त्याचा खरा जीव पासपोर्टावर. प्लास्टिकच्या कव्हरातला तो पासपोर्ट शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत असे. कुणी विचारो न विचारो, जिशान तो उघडून शिक्के दाखवी. हा मुंबईचा, हा रियाधचा, हा परत मुंबईचा.

नईमच्या पोटात दुखायचं. त्यानं एका बाजूला नागपूर पाहिलं होतं आणि दुसऱ्या बाजूला आदिलाबाद. दोन्हीकडं जाताना कंडक्टरनं तिकिटाला भोक पाडलं होतं, तेवढीच काय ती नोंद.

अशात टेकबहादूर लग्नाचं आमंत्रण घेऊन आला. टेकबहादूर कोळसा खाणीच्या कॉलनीत चौकीदार होता. नेपाळातल्या पाल्पाच्या डोंगरातून ऐन तारुण्यात इकडं आलेला आणि आता बोलण्यात अर्धाअधिक राजुऱ्याचा झालेला. त्याची खाकी वर्दी कायम नईमच शिवायचा. आता त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न गावी ठरलं होतं. नवरदेवाचा कोट नईमनं शिवायचा आणि सुलतानाभाभीला घेऊन स्वतः पोचवायचा, असा त्यानं हट्टच धरला. माप विचारलं तर म्हणाला, पोरगा अंगानं आपल्या पोस्टमनसारखा आहे. नईमनं दुसऱ्या दिवशी पोस्टमनला दुकानात ओढून टेप लावला.

माप झालं, आणि मग नईमनं खरा प्रश्न विचारला.

"पासपोर्ट बनवा लागन ना?"

"काऊन?" टेकबहादूर म्हणाला. "मी इथी आलो तवा मले कोणी मागतला का?"

हे उत्तर नईमला अजिबात रुचलं नाही. ज्या फॉरेनला पासपोर्ट लागत नाही ते कसलं फॉरेन? त्यानं टेकबहादूरला ही गोष्ट आपल्यापाशीच ठेवायला बजावलं आणि त्याच संध्याकाळी बाकावर जाहीर केलं की फॉरेनहून बुलावा आला आहे. कागदपत्रांचं काय, असं जिशाननं विचारलं, तेव्हा "चालू हाये" एवढंच मोघम बोलला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन टाय लावून पासपोर्ट साइजचे फोटोही काढून आला. टाय स्टुडिओचा होता.

त्याची बायको सुलताना काज करता करता हे सगळं ऐकत होती. ती कमी बोलायची. फोटो पाहून तिनं एवढंच विचारलं, की लग्न बहादूरच्या पोरीचं आहे की तुमचं.

बल्लारशाच्या स्टेशनवर बाकावरची मंडळी झेंडूचा हार घेऊन आली. गोरखपूरच्या गाडीतल्या लोकांना वाटलं कुणी पुढारी चालला आहे, म्हणून त्यांनी खिडकीची जागा रिकामी करून दिली. नईमनं तो हार नागपूर येईपर्यंत गळ्यातून काढला नाही. सुलतानानं इटारसीच्या आसपास त्यातली सुकी फुलं वेचून खिडकीबाहेर टाकली. गोरखपूरला उतरून त्यांनी बस धरली आणि सोनौलीला पोचले.

तिथून पुढं पायी. रस्त्यावर सायकलरिक्षा, ट्रक, भाजीवाल्या, दप्तरं लटकावलेली पोरं, गवताचे भारे, आणि त्या सगळ्यातून आपल्याच तंद्रीत चाललेली एक म्हैस. नईमनं केस चापले, फोटोंचं पाकीट हातात घेतलं आणि सुलतानाला सांगितलं की आता बॉर्डर येईल, तू काही बोलू नकोस, मी बोलतो. एका कमानीखालून ते पुढं गेले. बरंच चालल्यावर त्यानं एका रिक्षावाल्याला विचारलं, बॉर्डर किधर है? रिक्षावाल्यानं अंगठ्यानं मागं दाखवलं. बॉर्डर कधीच मागं पडली होती.

नईम रस्त्याच्या मधोमध थांबला. आजूबाजूच्या पाट्या पाहिल्या तर त्याही आपल्याच अक्षरात. किराणा, औषध, कपडा, सगळं त्याला घडाघडा वाचता येत होतं. त्याला लुटल्यासारखं वाटलं.

"मी वापस जाऊन येतो," तो म्हणाला.

"काऊन?"

"कोणी पाह्यलंच नाई आपल्याले."

सुलतानानं समोरच्या मिठाईच्या दुकानातल्या चुलीवर चहा उकळताना पाहिला होता. "तुम्ही या फॉरेनचं पाहून," ती म्हणाली. "मी इथी बसते."

नईम हिंदुस्थानात परत गेला आणि पुन्हा निघाला. या खेपेला कमानीजवळ बसलेल्या पोलिसाच्या अगदी पुढ्यातून, छाती काढून, सावकाश. पोलीस शेंगदाणे सोलत होता. त्यानं एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि म्हशीकडं पाहिलं. नईम पुन्हा मागं फिरला. तिसऱ्यांदा त्यानं पिशवी पोलिसाच्या पायाशीच ठेवली आणि खोकला. पोलीस म्हणाला, भाईसाब, जरा हटके, और भी लोग निकल रहे हैं.

तेवढ्यात त्याला एका कचेरीपुढं दोन गोरी माणसं रांगेत उभी दिसली. त्यांच्या हातात पासपोर्ट होते आणि आतून शिक्क्याचा ठप् ठप् आवाज येत होता. नईम गोऱ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली. टोपीवाल्या नेपाळी कारकुनानं देश विचारला. इंडिया, नईम म्हणाला. कारकुनानं शिक्का खाली ठेवला.

"मग तुम्ही इथं कशाला? ही रांग परदेशी लोकांची आहे."

"मी परदेशीच आहे ना," नईम काकुळतीला आला.

"नाही," कारकून म्हणाला. "तुम्ही परदेशी नाही."

हजार मैल फॉरेनला येऊन हे ऐकायचं! नईमचा चेहरा एवढा उतरला की कारकुनालाच वाईट वाटलं. मागं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं नईमला आत बसवून समजावलं. इंग्रजांना पलटणीत गुरखे हवे होते. येणारी माणसं अडवली असती तर पलटणी भरल्या असत्या कशानं? म्हणून त्यांनी वाट मोकळी ठेवली. इंग्रज गेल्यावर, पन्नास साली, दोन्ही सरकारांनी करार केला की एकमेकांच्या माणसांनी एकमेकांकडं राहावं, कमवावं, हिंडावं. पण कराराच्या कितीतरी आधीपासून माणसं अशीच जात-येत होती, सरकारांनी फक्त मान डोलावली. एवढं सांगून त्यानं नईमचं घड्याळ नेपाळच्या वेळेप्रमाणं पाव तास पुढं करून दिलं. नेपाळकडून तुम्हाला एवढंच देता येतं, असं म्हणाला.

नईम मिठाईच्या दुकानात परतला तेव्हा सुलताना मालकिणीच्या शेजारी बसून मटार सोलत होती. मालकिणीचं नाव अन्नपूर्णा. तिचं माहेर सोनौलीत, सासर इथं. रागावून माहेरी जायचं झालं तरी ती दुपारच्या गिऱ्हाइकापर्यंत परत येत असे. आठ-नऊ वर्षांपूर्वी सरकारा-सरकारांचं बिनसलं, तिकडून रॉकेल यायचं बंद झालं, तेव्हा चुली लाकडांवर आल्या होत्या. तरी तिची आई पदराखाली बाटली घेऊन येतच राहिली, असं ती हसत सांगत होती. सुलतानाला तिची भोजपुरी निम्मीच कळत होती, पण सासूचं वर्णन पूर्ण कळलं.

नईमचं दुःख ऐकून अन्नपूर्णा पदर तोंडात धरून हसली. मग तिनं गल्ल्यातून दुकानाचा रबरी शिक्का काढला, एका कोऱ्या कागदावर त्याचा टायवाला फोटो चिकटवला, आणि अर्धा फोटोवर अर्धा कागदावर येईल असा शिक्का ठोकला. एक जास्तीचा फोटो ठेवून घेतला आणि नेपाळच्या राजाराणीच्या तसबिरीखाली खोचला.

लग्न झोकात झालं. पोस्टमनच्या मापाचा कोट नवरदेवाला बाह्यांत लांब निघाला. वाजंत्री दारात उभी, आणि नईम मांडी घालून बाह्या आखूड करतोय. तेवढ्या वेळात त्याला वरातीतल्या प्रत्येकानं नावानं ओळखायला सुरुवात केली. टेकबहादूरच्या बायकोनं सुलतानाला आपल्या अंथरुणात घेतलं. दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या आणि कुणाचंच काही अडलं नाही. निघताना नईमला पाल्पाच्या ढाका कापडाची टोपी मिळाली. असं विणकाम त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ती टोपी तो गाडीत सारखी उलटी करून टाके पाहत होता.

राजुऱ्यात त्या संध्याकाळी बाक पुरला नाही. नईमनं सांगितलं की तिकडच्या कॅलेंडरात दोन हजार चोपन्न साल चालू आहे. केस कापणारा लच्छू म्हणाला, मंग आपल्यातलं कोण जितं हाय ते पाहून आला का? डोंगर, टोपी, पाव तास, सगळं सांगून झालं, आणि जिशाननं हात पुढं केला.

"शिक्का दाखवा."

नईमनं कागद लांबून फडकवला आणि झटकन घडी घालायला घेतली. पण जिशानचा शिक्क्यांचा अभ्यास दांडगा. त्यानं कागद काढून घेतला, उजेडात धरला आणि मोठ्यानं वाचला, "अन्नपूर्णा मिष्ठान्न भण्डार. ताजा जेरी र लालमोहन."

बाकावरचे दोघे हसता हसता खाली पडले. नईमचे कान लाल झाले. आता काही लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं सगळं सांगून टाकलं, म्हशीसकट.

उमाजी त्या वेळी मासळीची टोपली घेऊन उभा होता. वर्धेवर जाळं टाकणारा हा म्हातारा ढिवर सुलतानाकडं मासळी द्यायला येई आणि सहसा थांबत नसे. आज तो थांबला. त्यानं सांगितलं की त्याच्या तरुणपणी हे राजुरा निजामाचं होतं आणि नदीपलीकडचं बल्लारपूर इंग्रजाचं. इकडचं नाणं वेगळं, टपालाचं तिकीट वेगळं, आणि काठावर करोडगिरीचा नाका. तिकडचं कापड इकडं आणलं की जकात. म्हणून बायका सकाळी एक लुगडं नेसून जायच्या आणि संध्याकाळी चार लुगडी नेसून डोंग्यात बसायच्या. नाकेदार म्हणायचा, बाई, बल्लारपूरचं पाणी मानवलं तुले.

"मंग निजाम गेला, नाकाही गेला," उमाजी म्हणाला. "डोंग्याले काई समजलं नाई. पाणी तेच, माणसं तेच. म्हंजे मी बी रोज फॉरेनले जाऊन जेवाले घरी येत होतो."

पुन्हा हशा झाला. जिशान मात्र हसला नाही. त्यानं खिशातला पासपोर्ट काढून मांडीवर ठेवला. मग त्यानं जे सांगितलं, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. रियाधला उतरल्या दिवशी हा पासपोर्ट शेठनं घेतला आणि आपल्या कपाटात ठेवला. अम्मी गेल्याची तार आली तेव्हा तो मागायला गेला होता. शेठ म्हणाला, काम संपू दे.

"तुम्ही शिक्के पाहून राह्यले," जिशान म्हणाला. "दोन शिक्क्यांच्या मधात पाच साल हायेत. ते कोणी नाई पाहत."

लच्छू कैची पुसत बसला. सुलतानानं आतून चहा आणला, पहिला कप जिशानच्या हातात दिला आणि तो पासपोर्ट चहा सांडेल म्हणून उचलून मशीनच्या खणात ठेवला.

चहा अर्धा झाल्यावर जिशाननं विचारलं, बहादूरची धाकटी पोरगी कधी लग्नाची आहे. नईम म्हणाला, ती तर आत्ता सातवीत आहे.

"मंग लग्नाशिवायच जाऊ," जिशान म्हणाला, आणि टोपीचे टाके पाहायला म्हणून नईमच्या डोक्यावरून ती उचलून घेतली.