पलीकडच्या खोलीतला माणूस

सरांच्या प्रयोगशाळेत ना काचेच्या नळ्या होत्या, ना औषधांचा वास. दोन खोल्या, मधलं दार आणि दहा-दहा नोटांची पाकिटं, एवढाच कारभार. बोलावलेल्या माणसांपैकी एकाला पाकीट द्यायचं आणि सांगायचं, पलीकडे एक अनोळखी माणूस बसलाय, त्याला हवं तेवढं द्या, नसेल द्यायचं तर सगळं ठेवून घ्या, कोणी किती दिलं ते कुणाला कळणार नाही. पाकिटं वाटायची आणि परतलेल्या नोटा टिपून ठेवायच्या, हे काम ताईंचं. वय पंचेचाळीस, पायांवर सूज, घरी कंबर धरून बसलेला नवरा. घर त्यांच्याच पगारावर चाललेलं आणि नोकरी कंत्राटी, तीही महिनाअखेर संपणारी. निकाल चांगला आला की मुदत वाढवून घेतो, असं सर म्हणाले होते.

निकाल आला तो दृष्ट लागण्यासारखा. तिसांपैकी सव्वीस जणांनी सरळ अर्ध्या नोटा देऊन टाकल्या होत्या. सर इतके हरखले की त्यांनी ताईंना स्वतःच्या हाताने चहा करून दिला. चहा कडू झाला होता, ताईंनी तो निमूटपणे संपवला.

शनिवारी दुपारी त्या अहवाल टाइप करायला बसल्या. 'देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांना कधीही पाहिलेले नव्हते,' या वाक्याशी त्यांचा हात थांबला. पाहिलं नव्हतं कसं? चांगलं अर्धा-अर्धा तास पाहिलं होतं. पलीकडच्या खोलीतला पंखा तीन आठवडे बंद. उकाड्यात माणसं कोंडायची कशी, म्हणून सर येईपर्यंत ताई सगळ्यांना एकाच खोलीत बसवत. सर यायच्या जरा आधी निम्म्यांना पलीकडे नेऊन दार लावलं की झालं, अशी त्यांची भाबडी समजूत. त्या अर्ध्या तासात बसचा ड्रायव्हर उठून एका शिक्षिकेला खुर्ची देई, दोन म्हातारे गुडघ्यांची गाऱ्हाणी गात, कुणाचं तरी तान्हं तिघांच्या मांडीवरून फिरून येई. त्यानंतर पलीकडच्याचा वाटा खिशात घालायला कुणाचं मन धजावणार? पाकीट नेमकं कुणाकडे जाणार हे ठाऊक नसलं तरी तो माणूस या खोलीतलाच, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईंनी डोकं धरलं. सांगावं तर तीन आठवडे पाण्यात आणि नोकरीवरही पाणी. न सांगावं तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. घाबरायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं, त्यांना नुसतं आडवं व्हायचं होतं. तरी त्या उठल्या आणि सरांच्या खोलीत गेल्या.

सगळं ऐकून सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं."

"हो."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुमच्या नावानं छापून येणार ना ते," ताई म्हणाल्या. "वाचणारे खरं धरून चालतील."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल," ते हळू म्हणाले. "वरच्यांना कारण द्यावं लागेल. तुमच्या मुदतीचं आता... माझ्या हातात नाही हो राहिलं."

"कळतं मला, सर."

सोमवारी याच खेळाच्या पुढच्या फेरीला बारा जण यायचे होते, ती आता रद्द. त्यांना कळवण्याचं काम ताईंनी तसंच सोडलं असतं तरी कुणी बोल लावला नसता. पण लोक दोन बस बदलून येतात, कामावर रजा टाकतात. त्यांनी यादी पुढ्यात ओढली आणि एकेकाला फोन लावायला घेतला. काही जण कुरकुरले, एकाने बोलणं पुरतं व्हायच्या आधीच फोन ठेवला. सातव्या नंबरावर शिवणकाम करणारी एक बाई होती.

"अगं बाई, नाही का आता?" ती हिरमुसून म्हणाली. "माझी जाऊ येऊन गेली ना मागे. म्हणाली, तिथल्या ताई फार मायेनं वागवतात. परत बोलवाल तेव्हा तुम्हीच असाल ना?"

"कुणीतरी असेलच," ताई म्हणाल्या. त्यांनी सातव्या नावावर रेघ मारली आणि आठवा नंबर लावला.