अर्धी रिकामी सतरंजी

बालमित्रांनो, घाटकोपरच्या टेकडीखाली असलेल्या एका छोट्या शाळेच्या माळ्यावर, फाटक्या नकाशांच्या शेजारी, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची जी जुनी सतरंजी गुंडाळून ठेवलेली आहे, ती मीच. माझ्या एका टोकाला तपकिरी डाग आहे. तो शाईचा आहे असे नवी मुले समजतात. तो शाईचा नाही. कशाचा, हे सांगण्यासाठीच आज मी वाणीला त्रास देत आहे.

माझा जन्म एका कारागृहातील हातमागावर झाला. मला विणणारा बंदी काशीराम हा स्वभावाने अत्यंत सौम्य मनुष्य होता. शेजारच्या मागावरील सोबत्याने एकदा त्याला विचारले, "काशीराम, तुझ्यासारखा माणूस हितं आला तरी कसा?" विणायचा धोटा हातात तसाच धरून तो म्हणाला, "बांधावरनं भांडान झालं गड्या, थोरल्या भावासंगं. हातात कोयता हुता. तवा कुनी आमा दोघांस्नी घटकाभर समोरासमोर बसवलं असतं, तर भाऊ आज जित्ता असता." त्यानंतर दिवसभर तो मागच चालवीत राहिला. त्या दिवशी विणलेले माझे चार पट्टे इतरांहून अधिक घट्ट आहेत.

पुढे मी या शाळेत आले. वर्ष एकोणीसशे त्रेपन्न. पाचवीच्या वर्गाला वसुधाबाई शिकवीत. वर्गात अर्धी मुले कचेरीत जाणाऱ्या जुन्या घरांतील, अर्धी कोकणातून आलेल्या कामगारांची. मधल्या सुट्टीत रोज मारामारी होई आणि मुख्याध्यापक विद्याधरपंतांची वेताची छडी तिचा न्याय करी. छडीने मुले गप्प होत. परंतु भांडण मात्र दप्तरात घालून घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी परत आणीत.

वसुधाबाईंनी एक रीत घातली. जी दोन मुले भांडतील, त्यांनी माझ्या दोन टोकांना समोरासमोर बसायचे. मात्र आपली बाजू कोणी मांडायची नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचे गाऱ्हाणे, दुसऱ्याच्याच नावाने सांगायचे. ज्याचे गाऱ्हाणे, त्याने "होय, असंच" म्हटले की बैठक संपली. तोवर उठणे नाही. त्या 'होय'वर दुसऱ्या कोणाचाही अधिकार नाही, अगदी बाईंचासुद्धा नाही.

प्रथम बसल्या त्या मालन आणि माणिक. मालन फणकाऱ्याने म्हणाली, "मी माणिक. मी मालनचे सागरगोटे चोरले."

"चोरले नाहीत गं भवाने, घेतले!"

"बघा ना बाई, मला भवानी म्हणते!"

"मालन," बाई शांतपणे म्हणाल्या, "माणिक काय म्हणेल, ते सांग."

मालन पुष्कळ वेळ माझ्या दशा ओढीत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी माणिक. माझ्याकडे सागरगोटे नाहीत. म्हणून मला कुणी खेळायलाच घेत नाही."

माणिकने मान वर केली. "होय," ती म्हणाली, "असंच." मग तिने मालनचे गाऱ्हाणे सांगितले.

मित्रांनो, देवघरात अंथरल्या जाणाऱ्या आसनाचाही मला त्या क्षणी हेवा वाटला नाही. वर्षभरात कितीतरी मुले माझ्यावर बसली. मळके पाय, फाटक्या चड्ड्या, रडून लाल झालेले डोळे, सारे मी आदराने धारण केले. छडीवर धूळ साचली. ही वार्ता वरपर्यंत पोहोचली आणि चौपन्नच्या मार्गशीर्षात पत्र आले: ही रीत पाहण्यासाठी शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब स्वतः येणार. त्यांना पसंत पडली, तर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या शाळांतून ती सुरू होणार होती. वसुधाबाईंना त्या रात्री झोप लागली नाही, असे त्या दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगत होत्या.

माझी तयारी झाली. सोड्याच्या पाण्यात मला तीनदा धुतले, दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या मोठ्या वर्गात अंथरले, आणि विद्याधरपंतांनी ताकीद दिली, "साहेब येईपर्यंत हिच्यावर कोणी पाऊल ठेवायचं नाही!"

स्वागताचा संस्कृत श्लोक म्हणण्याचा मान लवूला मिळाला होता. लवूचे वडील विक्रोळीच्या कारखान्यात कामाला. घरी मालवणी बोलणारा हा मुलगा संस्कृत मात्र असे स्वच्छ उच्चारी की पाठ घेणाऱ्यानेही ऐकत राहावे. त्याचा मित्र अनंत हा कारकुनाचा मुलगा. श्लोक आपल्याला मिळेल अशी त्याची खात्री होती, आणि तसे त्याने घरी सांगूनही ठेवले होते.

त्या सकाळी दारातच अनंत म्हणाला, "आज काय बाबा, बांगडे खाणारं तोंड श्लोक म्हणणार! साहेब नाक दाबून बसतील, बघच तू."

लवूने त्याची टोपी उडवली आणि पायाखाली तुडवली. अनंतच्या आईने पहाटे खळ घालून दिलेली पांढरी टोपी दारापुढच्या नळाच्या चिखलात गेली.

दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. पण मग, मित्रांनो, आपण होऊन थांबले. धापा टाकीत बाईंपुढे येऊन उभे राहिले.

"बाई, आमका बसूचा आसा," लवू म्हणाला. रागावला की त्याच्या तोंडी घरची बोली येई.

"हो बाई, बसतो आम्ही. पटकन उठू."

विद्याधरपंत मध्ये आले. "आज? अरे, पाय बघा तुमचे! साहेब पाऊण तासात येतील!"

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मुलांकडे पाहिले. मला वाटले, आता त्या हात धरून दोघांना बसवतील. मी वाट पाहिली.

"उद्या बसा रे राजांनो," त्या म्हणाल्या. "एक दिवस धीर धरा."

साहेब आले. माझ्यावर बसले. लवूने श्लोक म्हटला, आणि साहेबांनी मान डोलावली. मुलांना खेळायला सोडले. शाळेमागे कुंपणाच्या भिंतीसाठी टेकडीवरची खडी आणून टाकलेली होती. बाई साहेबांना बैठकीची रीत समजावून सांगत होत्या. "अपूर्व कल्पना!" साहेब म्हणाले, आणि त्याच क्षणी मागून किंकाळी आली.

अनंतने एकच खडा मारला होता. तो लवूच्या डाव्या डोळ्यावर बसला.

मग माझ्या स्वच्छतेची कोणी चिंता केली नाही. साहेबांनीच मला ओढून घेतले, लवूला माझ्यावर निजवले आणि चौघांनी माझी टोके धरून डॉक्टरांच्या घरापर्यंत धाव घेतली. त्या मुलाचे सारे रक्त मी माझ्यात मुरू दिले. मला आणखी काही करता येण्यासारखे नव्हते. अनंत चिखलाची टोपी हातात घेऊन मागून पळत होता आणि ओरडत होता, "लवू, मी उद्या बसणार होतो रे!"

डोळा गेला. वडिलांनी लवूला आगबोटीने गावी नेले. शाळेचे नावही पुन्हा त्या घरात निघाले नाही. अनंतने दोन पत्रे धाडली. उत्तर आले नाही. छडी कपाटातून पुन्हा बाहेर आली.

फाल्गुनात एका दुपारी अनंत एकटाच वर्गात आला. त्याने मला अंथरले आणि एका टोकाला बसला. बाई दाराशी उभ्या राहिल्या.

"मी लवू," अनंत समोरच्या रिकाम्या जागेला सांगू लागला. "मी किती दिवस श्लोक पाठ करत होतो. पहाटे, नळावर रांगेत उभा राहून. आणि माझा मित्र सगळ्यांसमोर माझ्या जेवणाला हसला. म्हणून मी टोपी तुडवली. मला नंतर वाईट वाटलं होतं. मला बसायचं होतं."

तो थांबला. वाट पाहू लागला. बराच वेळ गेल्यावर बाईंकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही तरी म्हणा ना होय."

बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "तो शब्द माझा नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी 'बसा' म्हणायचा शब्द माझ्याजवळ होता, तो मी दिला नाही."

शाळा सुटण्याची घंटा झाली, शिपायाने खिडक्या लावल्या, तरी अनंत बसूनच होता. कारण रीतच तशी होती. अखेर त्याचे वडील येऊन त्याला उचलून घेऊन गेले.

मित्रांनो, मी आता जीर्ण झाले आहे. मला धुऊ नका, सजवू नका, माझे कौतुकही करू नका. माझी एकच विनवणी आहे. राग माणसाला येतोच. परंतु रागातही दोन मुले जेव्हा हात आवरून तुमच्यासमोर येतात आणि "आम्हांला बसायचं आहे" असे म्हणतात, तेव्हा ती घटका फार पवित्र असते, आणि फार लहान असते. त्या घटकेला त्यांचे पाय पाहू नका. त्यांना बसवा. पाहुणा कितीही थोर असो, त्याला दाराशी थोडा वेळ उभा राहू द्या.