एकतीस टक्क्यांवर

बाबांची तेरवी उद्यावर आली होती आणि त्यांच्या जुन्या संगणकावरचं अपडेट सकाळपासून एकतीस टक्क्यांवर अडलं होतं. हार घालायच्या चौकटीसाठी हवा असलेला त्यांचा एकमेव हसरा फोटो त्याच संगणकात होता, आणि चिखलीचा फोटोवाला दोनला दुकान बंद करणार होता.

"अपडेटले 'हो' काऊन म्हटलं, दादा?" भार्गवीनं विचारलं.

"लय स्लो होतं. मले वाटलं, फास्ट होईल," शंतनु म्हणाला.

"बाबा दहा वर्षं रोज 'नंतर' दाबत होते. तुले एक दिवस दम निघाला नाही?"

दीडला आकडा शंभरावर गेला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : अपडेट झालं नाही, बदल मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका.

ते खोकं अंगणात नेऊन आपटावं असं तिला वाटलं. पण आत बाबा होते.

"आधार कार्डावरचा फोटो लावू नं," शंतनु हळूच म्हणाला.

"त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. चौकट रिकामीच ठेव आणि तिलेच हार घाल."

"लोक विचारतील."

"विचारू दे. तूच सांग त्यांले, अपडेट चालू आहे म्हणून."